अर्धवट ऑनलाइन गेम टेस्ट करायला पैसे आपणच का द्यायचे?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकतो. आमचा रात्री खेळणारा एक ग्रुप आहे, दोघे डिचोलीत, एक म्हापशात, एक नोकरीपायी पुण्यात. सध्या सगळ्यांना एका नव्या ऑनलाइन गेमचं वेड लागलंय. चार जणांची छोटी परदेशी टीम बनवतेय. गलबत घेऊन बंदराबंदरात व्यापार करायचा, वादळं, चाचे, चौघांनी मिळून एकच जहाज हाकायचं असा सगळा प्रकार. व्हिडिओ बघून मीही खुळा झालोय. पण गेम अजून क्लोज्ड अल्फात, म्हणजे मोजक्याच लोकांना खेळायला दिलेल्या कच्च्या अवस्थेत आहे आणि आत शिरायचं तर त्यांच्या साइटवरून 'फाउंडर पॅक' घ्यावा लागतो, आपल्या पैशात साधारण दोन हजार दोनशे. त्यात मिळतं काय तर सर्व्हर फक्त शनिवार-रविवार चालू, कमावलेलं सगळं दर दोन-तीन महिन्यांनी पुसणार, गेम मधेच बंद पडणार हे त्यांनीच लिहिलंय, आणि बग (गेममधली चूक) सापडला की फॉर्म भरून कळवायचा.

मी वेर्णाला औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. बॅच तपासायची, चुकलं असेल तर लिहून द्यायचं, याचा मला पगार मिळतो. इथे माल कच्चा, तपासणार मी, रिपोर्ट लिहिणार मी आणि वर पैसेही मीच द्यायचे, हे काय माझ्या गळी उतरत नाही. कुणी असे पैसे भरलेत का? पुढे काय झालं? चौघांचे मिळून नऊ हजाराच्या आसपास जातायत म्हणून नीट विचारतोय.

पिंग_१८०
पहिला प्रश्न, सर्व्हर कुठे आहे? मुंबई किंवा सिंगापूर असेल तर पुढचं बोलू. लांब फ्रँकफर्टला असेल तर सिग्नल पोचायला उशीर होतो, दोन हजार देऊन तुम्हाला फक्त जहाज जागच्या जागी उड्या मारताना दिसेल.

सावईवेरेकर
मी भरलेत आणि मनापासून सांगतो, त्यातले काही पैसे माझ्या आयुष्यात सगळ्यात चांगले गेलेले पैसे आहेत. माइनक्राफ्ट २००९ मध्ये विकायला आला तेव्हा ते एका माणसाचं अर्धवट काम होतं. पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ ला. मधल्या काळात लाखो लोकांनी अर्धाच गेम विकत घेतला आणि त्या पैशावर तो पूर्ण झाला. अल्फात घेणाऱ्यांना पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट. २०१४ ला मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. आता हे नशीब प्रत्येक गेमचं नसतं हे मान्य. पण तेव्हा दर अपडेटला काय नवीन आलं ते बघायला आम्ही जागत बसायचो, भट्टी कशी लावायची, रुळ कसे टाकायचे हे कुणालाच माहीत नसायचं, सगळे एकमेकांना विचारायचे. पूर्ण झालेला गेम घेणाऱ्याला ती मजा नाहीच मिळत. त्याला सगळं आधीच लिहिलेलं सापडतं.

तेव्हा तुम्ही म्हणता तो कच्चा माल काही जणांना कच्चा असतो म्हणूनच हवा असतो.

भाटातला_माड
सावईवेरेकरबाब, माइनक्राफ्टचं उदाहरण म्हणजे लॉटरी लागलेल्याची मुलाखत. न लागलेल्यांचं कोण सांगणार? मी सांगतो.

द डे बिफोर. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात लोकांनी सगळ्यात जास्त विशलिस्ट केलेल्या (घ्यायच्या यादीत टाकलेल्या) गेमांपैकी एक. ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला आला, ११ डिसेंबरला स्टुडिओ बंद होत असल्याची घोषणा. चार दिवस! जानेवारीत सर्व्हरच बंद. लोकांना पैसे परत मिळाले ते स्टीमवरून घेतला होता म्हणून.

क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया. २०१६ ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आला, राजा व्हा, जमीनदार व्हा म्हणून लाखो डॉलर गोळा केले, लोकांनी गेममधल्या जहागिऱ्या विकत घेतल्या, मार्च २०२० ला पैसे संपले म्हणून टीम घरी पाठवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. स्टार सिटिझन २०१२ पासून चालू आहे, सत्तर कोटी डॉलरच्या वर पैसा आला आणि अजून अल्फाच. तो निदान खेळता तरी येतो.

डिचोलीकर, साधा हिशोब सांगतो. गेम तयार झाला तर तो तेव्हाही मिळेलच, बहुतेक सेलमध्ये. नाही झाला तर तुमचे नऊ हजार वाचले. थांबण्यात तोटा कसला?

सावईवेरेकर
@भाटातला_माड, सगळेच थांबले तर तयार कसा होणार, हा तोटा.

भाटातला_माड
ते त्यांनी बघावं, मी काय बँक आहे?

पेडणेकर_काका
नमस्कार. मी गेमवाला नाही, मुलगा खेळतो म्हणून वाचतोय. मला एक सांगा, ऑनलाइन गेमवर पैसे लावायला आता दिल्लीहून बंदी आली ना? मग हे पैसे देणं कायद्यात बसतं का? आणि बंदी आली तर मांडवीतली कॅसिनोची जहाजं अजून कशी उभी आहेत?

मडगावची_वकील
काका, चांगला प्रश्न आहे, बऱ्याच जणांचा इथे घोळ होतो. ऑगस्ट २०२५ ला जो कायदा पास झाला त्यात बंदी आहे ती 'ऑनलाइन मनी गेम'वर. म्हणजे पैसे भरायचे आणि जिंकून पैसे किंवा तसलाच काही लाभ मिळेल या आशेने खेळायचं, मग तो नशिबाचा खेळ असो नाहीतर कौशल्याचा. गेममध्ये शिरण्याची फी किंवा महिन्याची वर्गणी घेणारे साधे ऑनलाइन गेम यात येत नाहीत, फक्त ती फी पणाला लावलेली रक्कम नको. डिचोलीकर म्हणतायत तो व्यवहार म्हणजे गेम विकत घेणं आहे, तिथे जिंकायला काही नाही. मुलाला रागावू नका. 🙂

मांडवीतल्या जहाजांचं वेगळं. ती ऑनलाइन नाहीत आणि त्यांना राज्याच्या कायद्याखाली लायसन आहे. त्यावर बोलायचं तर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर डिचोलीकरांचं गलबत बुडेल.

फक्त एक लक्षात ठेवा, गेममधल्या वस्तू बाहेर खऱ्या पैशात विकता येतील असं कुठला 'अल्फा' सांगत असेल तर त्यापासून लांब राहा. तिथे गोष्ट बदलते.

पेडणेकर_काका
देव बरें करूं, बाय. समजलं. मुलाला तेवढंच सांगतो.

साखळीचा_कोडर
मी या धंद्यात आहे, साखळीत घरी बसून एका छोट्या टीमसाठी ऑनलाइन गेमचा सर्व्हरचा भाग लिहितो. नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाहीये. डिचोलीकरांचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टेस्टिंग आणि टेस्टिंगमध्ये फरक आहे. तुम्ही वेर्णाला करता ते काम म्हणजे ठरलेल्या यादीप्रमाणे एकेक गोष्ट तपासणं. त्याला आमच्याकडेही पगारी माणूस असतो आणि असायलाच हवा. ते काम जो स्टुडिओ खेळणाऱ्यांकडून फुकट करून घेतो तो चूकच करतो. पण ऑनलाइन गेममध्ये असं खूप काही असतं जे पगारी चार माणसांना कधीच सापडणार नाही. तीनशे जण एकाच बंदरात आले तर काय होतं? बाजारात तांदळाचा भाव दोन आठवड्यांनी कुठे जातो? एखाद्या टोळीने सगळं मीठ विकत घेऊन दाबून ठेवलं तर? हे खऱ्या माणसांशिवाय, खऱ्या लोभाशिवाय कळतच नाही.

मग फुकट का नाही बोलवत? बोलवतात ना. स्टीमवर २०२० पासून प्लेटेस्ट नावाची सोय आहे, तिथे पैसे घेताच येत नाहीत. आम्ही दोन्ही करून बघितलं. फुकटात आलेली बहुतेक माणसं एकदा उघडून बघतात, गेम बंद पडला की परत येत नाहीत, आणि का बंद पडला तेही सांगत नाहीत. थोडे पैसे दिलेला माणूस परत येतो, भांडतो, लिहितो. दुसरं कारण सरळ पैशाचं आहे. ऑफलाइन गेम बनवताना खर्च म्हणजे माणसांचा पगार. ऑनलाइनमध्ये टेस्ट चालू असली नसली तरी सर्व्हरचं भाडं दर महिन्याला. तुमच्या त्या टीमने सर्व्हर शनिवार-रविवारच ठेवलेत त्याचं एक कारण हे असणार, आणि दुसरं म्हणजे थोडी माणसं आठवडाभर पसरली तर बंदरं ओस दिसतात, एकाच वेळी आली तर टेस्ट होते. ते मला शहाणपणाचं वाटलं. आणि स्टीम विकलेल्या पैशातले सुरुवातीला ३० टक्के ठेवून घेतं म्हणून छोटे लोक आधी आपल्या साइटवर विकतात.

आता दुसरी बाजू, जी आमच्या धंद्यातले लोक उघड बोलत नाहीत. पैसे देऊन आलेले टेस्टर हळूहळू गेमला आपल्यासाठी वळवायला लागतात. वर्षभर खेळणाऱ्याला गेम सोपा वाटतो, तो म्हणतो अवघड करा, टीम अवघड करते, आणि मग नवीन आलेला माणूस पहिल्या तासात वैतागून निघून जातो. पहिल्यांदा खेळणारा माणूस तुम्हाला एकदाच मिळतो, एकदा त्याने खेळलं की त्याचे ते डोळे गेले. म्हणून शहाणी टीम सगळ्यांना एकदम आत घेत नाही, टप्प्याटप्प्याने घेते. तुमची टीम कसं करते ते विचारा, त्यावरून माणसं कळतात.

वाचतोय_फक्त
साखळीचा_कोडर +१. असं कुणी आतलं सांगत नाही.

डिचोलीकर
@साखळीचा_कोडर मनापासून आभार. मिठाचं उदाहरण भारी, आमचा म्हापशेवाला पहिल्याच दिवशी तेच करणार. पण माझा मूळ मुद्दा अजून तसाच आहे. माझ्या असण्याने त्यांना माहिती मिळते, तर निदान कमी पैशात द्या. इथे तर उलट, पूर्ण गेम आला की स्वस्त असेल म्हणतात. आधी येणाऱ्याला महाग, हे कुठलं गणित?

सावईवेरेकर
त्याचं मोठं उदाहरण आहे. प्लॅनेटरी ॲनायहिलेशन २०१३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये नव्वद डॉलरला ठेवला होता! लोक खवळले. त्यांचं म्हणणं असं की किकस्टार्टरवर अल्फात यायला लोकांनी तेवढे दिलेत, आता स्वस्तात दिला तर त्यांच्यावर अन्याय. प्रिझन आर्किटेक्टचा अल्फाही २०१२ ला मुद्दाम महाग ठेवला होता, म्हणजे ज्याला खरंच हौस आहे तोच येईल. तो २०१५ ला नीट पूर्ण झाला.

भाटातला_माड
म्हणजे दार अरुंद करायला किंमत वाढवायची. मग मुलाखत घ्या ना! चार प्रश्न विचारा, चांगला लिहिणारा असेल त्याला फुकट आत घ्या.

साखळीचा_कोडर
काही टीम खरंच तसं करतात, आणि मला व्यक्तिशः तेच बरोबर वाटतं. पैसे देणारे वेगळे आणि निवडून घेतलेले टेस्टर वेगळे. पण चार जणांच्या टीममध्ये अर्ज वाचायला माणूस कुठून आणायचा हा खरा प्रश्न असतो.

काणकोणची_अनघा
मी उशिरा आले धाग्यावर, पण मला हे लिहायलाच हवं कारण मी अशीच पैसे देऊन टेस्टर झाले होते, एका छोट्या सर्व्हायव्हल गेमची. आमच्या गावात पावसाळ्यात नेटचं काय असतं ते दक्षिणेतल्या लोकांना सांगायला नको. झाड पडलं की वायर तुटली, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायचं, त्याचीही रेंज घराच्या एकाच खिडकीत.

तर झालं असं, मी पेटीतून लोखंड काढून पिशवीत टाकत होते आणि नेट गेलं. परत आले तर लोखंड पिशवीतही आणि पेटीतही. दुप्पट! कुणीही म्हणेल चला फायदा झाला. पण ऑनलाइन गेममध्ये अशी वस्तू दुप्पट व्हायला लागली की सगळा बाजार मातीत जातो, भाव पडतात, मेहनत करणारे सोडून जातात. म्हणून मी ते परत करून बघायला बसले. पेटी उघडी ठेवायची, वस्तू ओढायची, सोडायच्या क्षणी फोनचा डेटा बंद, पंधरा सेकंदांच्या आत परत चालू. त्याहून उशीर केला की सर्व्हर बाहेर काढायचा आणि सगळं ठीक व्हायचं. पंधराच्या आत आलात तर सर्व्हर तुम्हाला जुनाच माणूस समजायचा आणि पिशवीत काय आहे ते माझ्याच कॉम्प्युटरला विचारायचा. मी हे सगळं लिहिलं, व्हिडिओ जोडला, लॉग फाइल जोडली, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिली कारण आपले साडेपाच तास त्यांच्या लक्षात राहत नाहीत, अर्धा तास नेहमी चुकतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रोग्रामरचा स्वतः मेसेज. त्यांच्या ऑफिसात नेट कधी जातच नाही, त्यामुळे हा रस्ता त्यांनी कधी चालूनच बघितला नव्हता. पुढच्या बिल्डमध्ये (आवृत्तीत) ते दुरुस्त झालं आणि शेवटच्या नावांच्या यादीत माझं नाव आहे. डिचोलीकरबाब, मला पगार नाही मिळाला हे खरं. पण तो गेम थोडा माझा आहे आणि ते मला अजून छान वाटतं.

पिंग_१८०
अनघाबाय, साष्टांग! गोव्याच्या वीज खात्याला पण त्या यादीत घालायला पाहिजे होतं, 'विशेष सहाय्य' म्हणून.

सत्तरीकर
वाळपईला या, आमच्याकडे तर रोज असे बग सापडतील. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, राउटर परत चालू व्हायला दीड मिनिट. परदेशातल्या स्टुडिओने इथे टेस्टिंगची शाखा काढावी.

साखळीचा_कोडर
अनघाताई, असा रिपोर्ट मिळाला तर मी प्रिंट काढून भिंतीला लावेन. नवीन टेस्टरांनो, हे बघून घ्या. बिल्डचा नंबर, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, परत परत होतं का. बास. "गेम हँग होतो, लवकर ठीक करा" असं लिहून काहीच उपयोग नसतो, रोज असे पन्नास येतात.

कुंडईची_शुभा
थोडं विषयांतर करते, पण टेस्टिंगचंच आहे. कुणी गेममध्ये चॅटला मराठी किंवा कोंकणी लिहून बघितलंय का? निम्म्या इंडी (छोट्या स्वतंत्र टीमच्या) गेममध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'मित्र' लिहिलं की म, मग वेलांटी, मग त चा पाय मोडलेला, मग र वेगळा. हे कुणी कळवतच नाही, सगळे इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळे होतात, मग त्यांना वाटतं इथे देवनागरी कुणाला नकोच.

साखळीचा_कोडर
बरोबर धरलंत. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दाखवायला जे टेक्स्टमेशप्रो वापरतात त्यात देवनागरीची अक्षरं जुळवायची सोय मुळात नाही, ते एकापुढे एक अक्षर ठेवत जातं. वेगळी व्यवस्था करावी लागते. पण सुरुवातीलाच कुणी सांगितलं तर करता येतं, गेम पूर्ण झाल्यावर कुणी हात लावत नाही. अल्फात आपली माणसं असण्याचा हा एक खरा फायदा आहे.

कुंडईची_शुभा
मग डिचोलीकर, तुम्ही जाताय ना आत? जाताच पहिलं 'मित्र' लिहून बघा. आणि 'कृष्ण', आणि 'र्‍हस्व'. फोटो काढून पाठवा त्यांना.

आई_आणि_बाकी_सगळं
माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याने माझ्या फोनवरून यूपीआयने असाच एक अर्धवट गेम घेतला. रक्कम मोठी नव्हती पण विचारलं नाही म्हणून राग आला. नंतर शांतपणे बसून तो गेम बघितला तर जाहिरात नाही, जुगार नाही, पोरं मिळून किल्ला बांधत होती. मला तो फोनवरच्या 'फुकट' गेमांपेक्षा बरा वाटला, ज्यात दर दोन मिनिटांनी नाणी घ्या, पेटी उघडा म्हणून मागे लागतात. पण परत करायचा असता तर करता आला असता का?

मडगावची_वकील
स्टीमवरून घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, अर्ली ॲक्सेसलाही तोच नियम. कारण विचारतात पण अडवत नाहीत. टीमच्या स्वतःच्या साइटवरून घेतला तर त्यांच्या अटी, त्या आधी वाचा. बहुतेक फाउंडर पॅक 'परत मिळणार नाही' असेच असतात. आपली ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण ज्याचं भारतात ऑफिसच नाही अशा चौघांच्या मागे लागून हातात काय येणार याचा विचार पैसे देण्याआधी करा.

आणि डॉलरमध्ये कार्ड वापरलं की बँक वरून मार्कअप लावते, त्यावर जीएसटी. दोन हजार दोनशे दिसतात तेवढेच जात नाहीत.

भाटातला_माड
ऐका ऐका.

पेडण्याचा_नाटक्या
मी गेम फारसा खेळत नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचला आणि राहवत नाही. आमच्या गावच्या जत्रेला नाटक होतं. आम्ही वर्गणी भरतो, तालमीला जातो, संवाद विसरणाऱ्याला मागून सांगतो, पडदा ओढतो, कुणी पात्र कमी पडलं तर उभं राहतो. आम्हाला कुणी पगार देत नाही आणि मागावासा वाटतही नाही, कारण नाटक गावाचं आहे. पण हेच कुणी बाहेरचा कंत्राटदार येऊन म्हणाला, तालमीचं तिकीट काढा आणि चुकाही तुम्हीच सांगा, प्रयोग होईल की नाही माहीत नाही, तर त्याला वेशीबाहेर घालवू. डिचोलीकर, ती चार माणसं यातली कोण आहेत ते आधी शोधा. तुमचं ऐकतात का, तुमच्याशी बोलतात का, की नुसतं पॅक विकून गप्प बसतात?

काणकोणची_अनघा
अगदी! माझ्या मनातलं बोललात.

भाटातला_माड
नाटक्याबाब, पटलं पण पूर्ण नाही. गावात नाटक नाही झालं तर वर्गणीचा हिशोब देवळात मागता येतो. इथे कुणाला विचारणार? शिवाय एक महत्त्वाचं राहिलं. ऑफलाइन गेम सोडून दिला तरी आज आहे तेवढा माझ्या डिस्कवर राहतो. स्पेसबेस डीएफ-९ असाच २०१४ ला अर्धवटच 'पूर्ण' म्हणून मोकळा केला, लोक चिडले, पण ज्यांनी घेतला त्यांना अजून खेळता येतो. ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद म्हणजे हातात शून्य. हा धोका दुप्पट आहे आणि त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

सावईवेरेकर
हे मात्र तू लाखातलं बोललास. म्हणूनच मी आता ऑनलाइन अर्धवट गेम घेताना एकच बघतो, सर्व्हर आपला आपण चालवता येतो का. व्हॅलहाइम २०२१ च्या फेब्रुवारीत आला, पाच जणांची टीम होती, पण पहिल्या दिवसापासून तुमचा सर्व्हर तुम्ही घरी लावू शकत होतात. उद्या कंपनी राहो न राहो, तुमचं जग तुमच्याकडे. आमचा अजून एका मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालू आहे, कपाटाच्या मागे ठेवलाय, त्याच्या आईला वाटतं तो बंद पडलेला आहे.

सत्तरीकर
आणि धीर धरणाऱ्यांचंही सांगा कुणीतरी. प्रोजेक्ट झोम्बॉइड २०११ ला विकायला आला, त्याच वर्षी त्यांच्या घरात चोरी होऊन कोड असलेले लॅपटॉप गेले, लोकांनी काय काय शिव्या दिल्या. ते परत उभे राहिले, नवीन मल्टिप्लेअर २०२१ च्या डिसेंबरला आणला. दहा वर्षं! मी मधे विसरूनच गेलो होतो, आणि आता तो माझा सगळ्यात आवडता गेम आहे.

पिंग_१८०
पबजी पण अर्ली ॲक्सेसच होता हे कुणाला आठवतं का? २०१७ चा मार्च ते डिसेंबर. तेव्हा कुणी 'टेस्टर' नव्हतं, सगळे नुसते मरत होते.

साखळीचा_कोडर
माडबाबच्या मुद्द्यावर, पैसे देण्याआधी बघायच्या गोष्टी. शेवटचं अपडेट कधी आलं, आणि त्यात खरंच काम दिसतं का नुसती टोपी आणि झेंडा. स्टीमवर असेल तर २०२५ पासून तिथे लिहूनच येतं की डेव्हलपरने एक वर्षाच्या वर काही केलेलं नाही. टेस्टर बग सांगतात तिथे टीमची उत्तरं आहेत का, वाईट बातमी ते स्वतःहून सांगतात का. "पुढच्या वर्षी शहरं, घोडे, लढाया, लग्नं" अशी लांबलचक यादी असेल तर मी सावध होतो, कारण चार माणसं ते करूच शकत नाहीत. स्टीम स्वतः अर्ली ॲक्सेसच्या पानावर सांगतं, आज आहे तसा खेळायला आवडणार नसेल तर थांबा. मी यात एवढंच घालीन की ऑनलाइन असेल तर 'आज' म्हणजे खरोखर आजच धरा.

डिचोलीकर
मंडळी, दोन आठवडे उत्तर दिलं नाही, मधे चवथ होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. पण तुमचं सगळं वाचून मी त्या टीमला सरळ मेल केला. सर्व्हर कुठे, आपण चालवू शकतो का, पैसे संपले तर काय करणार, टेस्टर सगळे एकदम घेता की टप्प्याने, आणि देवनागरी दिसतं का.

त्यांच्यातल्या एकीचं उत्तर आलं, लांबलचक आणि सरळ. सर्व्हर युरोपात, भारतातून खेळणारे फार कमी म्हणून मुंबईचं भाडं सध्या परवडत नाही, पण शनिवारच्या टेस्टला भारतातले बऱ्यापैकी जमले तर महिनाभर सिंगापूरला लावून बघतील. गेम बंद करायची वेळ आली तर सर्व्हरचा प्रोग्राम खेळणाऱ्यांना देऊन टाकू, हे त्यांनी त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे, मी जाऊन बघितलं, आहे. पैसे आत्ता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतील असं तिने स्वतःहून सांगितलं. देवनागरीबद्दल म्हणाली कधी तपासलंच नाही, तुम्ही तपासाल का?

मला पगाराचं अजूनही खटकतं, ते मी तिलाही लिहिलं, आणि ती म्हणाली तुमचं बरोबर आहे, म्हणून पगारी तपासणीचं काम आम्ही टेस्टरांकडून करून घेत नाही, ते आमच्यातला एक जण करतो. मी आणि म्हापशेवाला पॅक घेतोय. पुणेवाला आणि माझा शेजारी थांबतायत, त्यांना अर्धवट काही चालतच नाही आणि त्यांनी घेऊही नये.

भाटातला_माड
अटींत लिहिलंय हे मला आवडलं. मी नाही घेणार, पण त्या पानाची कॉपी काढून ठेवा, अटी बदलायला वेळ लागत नाही. आणि पॅकची पावती मेलमध्ये जपा.

मडगावची_वकील
+१ माडबाब. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट.

काणकोणची_अनघा
सिंगापूरच्या टेस्टला माणसं हवीत तर मी येते, पॅक मी माझा घेईन. जहाजावर माल चढवताना नेट घालवून बघायचंय, तिथे पेटीसारखंच काहीतरी असणार.

साखळीचा_कोडर
दोन जहाजं शेजारी लावून एकाकडून दुसऱ्याकडे माल देताना बघा, तिथे सापडण्याची शक्यता जास्त. एकाच वेळी दोघांचं नेट घालवा.

सत्तरीकर
मी आलो. माझं नेट घालवायला कुणाची गरज नाही.

डिचोलीकर
मग शनिवारी रात्री नऊला, त्यांची दुपार असते. जो येणार त्याने शुक्रवारपर्यंत इथेच हात वर करा म्हणजे तिला आकडा कळवतो. शुभाताई, 'मित्र', 'कृष्ण' आणि 'र्‍हस्व' लिहून घेतलेत, अजून कुठले अवघड शब्द असतील तर द्या, सगळे एकाच फॉर्मवर पाठवतो.

कुंडईची_शुभा
'ज्ञानेश्वरी', 'वाङ्मय', 'क्लृप्ती', 'दुर्भिक्ष्य'. आणि 'शांतादुर्गा', त्यात अनुस्वार आणि रफार दोन्ही आहेत. माझाही हात वर धरा.